भूमिगत आणि उपरी वीजवाहिन्या

भूमिगत आणि उपरी वीजवाहिन्या या विजेच्या पारेषणाच्या व वितरणाच्या दोन मुख्य पद्धती आहेत. उपरी, म्हणजेच 'ओव्हरहेड', वाहिनीत तारा खांबांवर किंवा मनोऱ्यांवर विद्युतरोधकांच्या आधाराने टांगलेल्या असतात. भूमिगत वाहिनीत विद्युतरोधी आवरण असलेली केबल जमिनीखालील चरात, नळीत किंवा बोगद्यात टाकलेली असते. उपरी वाहिनी स्वस्त, उभारण्यास जलद आणि दुरुस्तीस सोपी असते. मात्र वारा, कोसळणारी झाडे, बर्फ आणि आकाशातील वीज यांचा मारा तिच्यावर थेट होतो. भूमिगत वाहिनी या संकटांपासून बऱ्याच अंशी सुरक्षित असते. परंतु तिचा खर्च अनेकपट असतो, तिच्यातील दोष शोधण्यास वेळ लागतो आणि पूर, वादळी भरती व रस्त्यांवरील खोदकाम यांचा तिला धोका असतो.

मोठ्या वादळानंतर वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित राहिला की वाहिन्या भूमिगत करण्याची मागणी पुढे येते. न्यूयॉर्क (१८८८), स्वीडन (२००५), विशाखापट्टणम (२०१४) आणि कोकण किनारा (२०२०) ही त्याची ठळक उदाहरणे होत. वाहिन्या भूमिगत केल्याने वादळातील खंडांची संख्या घटते, पण खंड नाहीसे होत नाहीत. काही ठिकाणी एका धोक्याची जागा दुसरा धोका घेतो. त्यामुळे कोणती पद्धत योग्य, याचे उत्तर त्या ठिकाणचा मुख्य धोका, जमीन, लोकवस्तीची घनता आणि खर्च सोसण्याची क्षमता यांवर अवलंबून असते.

## रचना

### उपरी वाहिनी

उपरी वाहिनीतील तारा बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात. त्यांना बळकटी यावी म्हणून मध्यभागी पोलादी तारांचा गाभा असतो. तारांवर सहसा कोणतेही आवरण नसते. सभोवतालची हवाच विद्युतरोधकाचे काम करते आणि तारेत निर्माण होणारी उष्णताही वाहून नेते. हवा फुकट मिळत असल्याने ही पद्धत स्वस्त पडते. खांब लाकडी, लोखंडी किंवा सिमेंट काँक्रीटचे असतात. खांबावरील आडव्या लोखंडी दांड्यावर चिनी माती, काच किंवा पॉलिमरचे विद्युतरोधक बसवून त्यांवर तारा बांधतात. भारतात वितरणासाठी ११, २२ व ३३ किलोव्होल्ट या उच्चदाब वाहिन्या आणि घरोघरी पुरवठा करणाऱ्या लघुदाब वाहिन्या वापरल्या जातात. दूरवरच्या पारेषणासाठी २२०, ४०० व ७६५ किलोव्होल्टपर्यंतच्या अतिउच्चदाब वाहिन्या उंच पोलादी मनोऱ्यांवरून जातात.

### भूमिगत वाहिनी

जमिनीखाली वाहक तारेला ओल्या मातीपासून संपूर्णपणे वेगळे ठेवावे लागते. पूर्वी यासाठी तेलात भिजवलेल्या कागदाचे वेष्टण आणि त्यावर शिशाचे आवरण वापरत. आता बहुतेक ठिकाणी 'एक्सएलपीई' या नावाने ओळखले जाणारे विशेष प्रक्रिया केलेले पॉलिएथिलीन वापरतात. त्यावर धातूचा पडदा, पोलादी चिलखत आणि सर्वांत बाहेर प्लॅस्टिकचे आवरण असते. वितरणाच्या केबल साधारणपणे पाऊण ते एक मीटर खोलीवर वाळूच्या थरात टाकतात. खोदणाऱ्यास सूचना मिळावी म्हणून वर विटा, फरशा किंवा इशारापट्टी ठेवतात. केबलचे दोन तुकडे जिथे जोडले जातात ते सांधे आणि केबल जिथे जमिनीबाहेर येते ती टोके हे या रचनेतील नाजूक भाग होत.

भूमिगत वाहिनी म्हणजे संपूर्ण व्यवस्था जमिनीखाली, असा अर्थ होत नाही. रोहित्रे, स्विचपेट्या आणि उपकेंद्रे बहुधा जमिनीवरच असतात. दाट शहरांत ती तळघरांतही असतात.

## वादळात उपरी वाहिन्या का बंद पडतात

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. त्यामुळे नेहमीच्या पावसाळी वाऱ्यात तग धरणारा खांब चक्रीवादळात आडवा होऊ शकतो. एक खांब पडला की त्याच्या तारांचा ताण शेजारच्या खांबांवर येतो आणि ओळीने अनेक खांब कोसळतात. हे टाळण्यासाठी ठरावीक अंतरावर अधिक मजबूत खांब आणि ताणतारा बसवणे आवश्यक असते.

वितरण वाहिन्यांचे सर्वाधिक नुकसान मात्र बहुतेकदा झाडांमुळे होते. वाहिनीलगतची फांदी तारांवर घासली तरी लघुपरिपथ होतो आणि मोठे झाड कोसळले तर तारांबरोबर खांबही उखडला जातो. वाहिनीच्या राखीव पट्ट्याबाहेरील उंच झाडही तारांवर पडू शकते, म्हणून केवळ फांद्या छाटून हा धोका पूर्णपणे टळत नाही. पावसाने माती भिजून सैल झाल्यास खांब आणि झाडे दोन्ही लवकर उन्मळतात.

किनारपट्टीवर समुद्राकडून येणारा खारा वारा विद्युतरोधकांवर मिठाचा थर साचवतो. हा थर ओला झाला की त्यातून विजेची गळती होऊन ठिणगी पडते आणि वाहिनी बंद होते. थंड प्रदेशांत तारांवर साचणाऱ्या बर्फाचे वजन हे मोठे कारण असते. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात झालेल्या हिमवृष्टीत अशा वजनाने अतिउच्चदाब मनोरेसुद्धा कोसळले.

उपरी वाहिन्यांवरील बहुसंख्य दोष क्षणिक असतात. फांदी तारेला लागून खाली पडते किंवा वीज चमकून जाते आणि दोष आपोआप दूर होतो. म्हणून अशा वाहिन्यांवर 'ऑटो रिक्लोजर' हे उपकरण बसवतात. ते वाहिनी बंद करून थोड्याच वेळात पुन्हा चालू करून पाहते आणि दोष टिकून असेल तरच ती कायमची बंद ठेवते. तुटलेली तार जिवंत राहिली तर ती प्राणघातक ठरते. वादळानंतर अंगणात, शेतात किंवा पाण्यात पडलेल्या तारेला स्पर्श न करणे आणि वीज कंपनीस तातडीने कळवणे यासाठीच महत्त्वाचे असते.

## भूमिगत वाहिन्यांतील दोष

भूमिगत केबलला वाऱ्याचा आणि झाडांचा धोका जवळजवळ नसतो. मात्र मोठे झाड मुळासकट उन्मळले तर मुळांत अडकलेली केबलही ओढली जाते. तिच्यातील दोषांची प्रमुख कारणे अशी आहेत:

* खोदकाम: पाण्याच्या, गॅसच्या किंवा इंटरनेटच्या वाहिन्यांसाठी रस्ता खोदताना यंत्राचा धक्का बसून केबल तुटते. आवरणास झालेली लहान इजा लगेच लक्षात येत नाही. पावसाळ्यात पाणी मुरल्यावर दोष उघड होतो.
* सांध्यांतील उणिवा: सांधा जोडताना ओलावा किंवा धूळ आत राहिली तर काही महिन्यांनी वा वर्षांनी तो जळतो.
* पाण्याचा शिरकाव: प्लॅस्टिक आवरणात विजेच्या दाबाखाली ओलावा झाडाच्या फांद्यांप्रमाणे सूक्ष्म रेषांनी पसरतो. ही क्रिया मंद असते, पण शेवटी आवरण निकामी होते.
* अतिउष्णता: केबलची उष्णता माती वाहून नेते. माती कोरडी पडली किंवा भार वाढला तर उष्णता साचते व आवरणाचे आयुष्य घटते.
* पूर व वादळी भरती: केबल स्वतः पाण्यात काम करू शकते, परंतु पाणी स्विचपेट्या, रोहित्रे व उपकेंद्रांत शिरल्यास पुरवठा बंद करावाच लागतो. खाऱ्या पाण्याने भिजलेली उपकरणे अनेकदा बदलावी लागतात.

भूमिगत केबलमधील दोष बहुधा कायमस्वरूपी असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. प्रथम केबलमध्ये विद्युतस्पंद पाठवून तो परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून दोषाचे अंतर काढतात. नंतर उच्च दाबाचे धक्के देऊन जमिनीवरून आवाज ऐकत नेमकी जागा निश्चित करतात. त्यानंतर खोदाई, खराब भाग कापणे, नवे सांधे जोडणे आणि चाचणी हे टप्पे येतात. उपरी वाहिनीवर काही तासांत होणाऱ्या दुरुस्तीस येथे एक किंवा अनेक दिवस लागू शकतात. यावर उपाय म्हणून शहरांत वाहिन्यांची वलयाकार रचना करतात. एका बाजूची केबल बिघडली तरी दुसऱ्या बाजूने पुरवठा देता येतो.

## तुलना

| बाब | उपरी वाहिनी | भूमिगत वाहिनी |
|---|---|---|
| उभारणीचा खर्च | कमी | अनेकपट अधिक |
| वारा व झाडे | मोठा धोका | अत्यल्प धोका |
| पूर व वादळी भरती | खांब टिकल्यास धोका कमी | स्विचपेट्या व उपकेंद्रांस धोका |
| दोषांचे स्वरूप | बहुतांश क्षणिक | बहुतांश कायमस्वरूपी |
| दोष शोधणे | डोळ्यांनी शक्य | उपकरणे आवश्यक |
| नवीन जोडणी व क्षमतावाढ | सोपी | पुन्हा खोदाई आवश्यक |
| तुटलेल्या तारेचा धोका | आहे | जवळजवळ नाही |

## खर्च आणि तांत्रिक मर्यादा

भूमिगत वाहिनीचा खर्च जागेनुसार फार बदलतो. वितरण वाहिन्यांसाठी तो उपरी वाहिनीच्या साधारण चार ते दहा पट धरला जातो. अतिउच्चदाबासाठी तो याहूनही अधिक असू शकतो. केबलच्या किमतीखेरीज खोदाई, रस्ता पूर्ववत करणे, इतर वाहिन्यांपासून अंतर राखणे आणि प्रत्येक घराची जोडणी बदलणे यांचा त्यात मोठा वाटा असतो. नव्या वसाहतीत रस्ते होण्यापूर्वीच केबल टाकली तर खर्च बराच कमी होतो.

खर्च किती ग्राहकांत विभागला जातो, हेही निर्णायक असते. शहरात एका किलोमीटरच्या केबलवर शेकडो ग्राहक असतात. विखुरलेल्या वाड्यांच्या डोंगराळ भागात तेवढ्याच लांबीवर मोजकीच घरे असतात. डिसेंबर २००२ मधील हिमवादळानंतर अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील नियामक यंत्रणेने सर्व वितरण वाहिन्या भूमिगत करण्याचा अभ्यास केला. त्यासाठी सुमारे ४१ अब्ज डॉलर खर्च येईल, काम पूर्ण होण्यास सुमारे २५ वर्षे लागतील आणि वीजदर दुपटीहून अधिक होतील, असा निष्कर्ष निघाल्याने सरसकट भूमिगतीकरणाची शिफारस करण्यात आली नाही.

प्रत्यावर्ती विजेसाठी लांब केबलला आणखी एक मर्यादा आहे. वाहक आणि बाहेरील धातूचा पडदा एकमेकांजवळ असल्याने केबल विद्युत धारित्राप्रमाणे वागते. तिची लांबी व दाब वाढेल तसा केवळ तिला भारित ठेवण्यासाठी लागणारा प्रवाह वाढतो आणि उपयुक्त वीज वाहून नेण्यास कमी क्षमता उरते. म्हणून दूर अंतरावरील अतिउच्चदाब पारेषण आजही प्रामुख्याने उपरी आहे. लांब भूमिगत किंवा समुद्राखालील मार्गांसाठी उच्चदाब दिष्ट प्रवाह वापरतात.

यामुळे शहरातील वितरण संपूर्ण भूमिगत असले, तरी त्याला वीज पुरवणारी पारेषण वाहिनी बहुधा उपरीच असते. मुंबई बेटावरील वितरण भूमिगत असूनही १२ ऑक्टोबर २०२० रोजी शहराच्या मोठ्या भागात वीज गेली. त्या दिवशी वादळ नव्हते. शहराला वीज आणणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या पारेषण व्यवस्थेतील बिघाड हे त्याचे कारण होते.

## विश्वासार्हतेचे मोजमाप

वीजपुरवठ्याची विश्वासार्हता मुख्यतः दोन निर्देशांकांनी मोजतात. वर्षभरात एका ग्राहकाचा पुरवठा सरासरी किती वेळा खंडित झाला, हे 'सैफी' दाखवतो; एकूण सरासरी किती काळ खंडित राहिला, हे 'सैडी' दाखवतो. वाहिन्या भूमिगत केल्यावर पहिला निर्देशांक सहसा स्पष्टपणे घटतो. प्रत्येक दोषाच्या दुरुस्तीस मात्र अधिक वेळ लागतो, त्यामुळे पर्यायी मार्गाची सोय नसल्यास दुसऱ्यातील सुधारणा तुलनेने कमी असते. अनेक देशांत मोठ्या वादळाचे दिवस या गणनेतून वगळण्याची पद्धत आहे. असे केल्यास वादळरोधक कामांचा लाभ नेहमीच्या आकड्यांत दिसत नाही, म्हणून वादळातील खंडांची नोंद स्वतंत्रपणे पाहावी लागते.

## महत्त्वाच्या घटना

### न्यूयॉर्क, १८८८ आणि २०१२

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधील रस्त्यांवर तारायंत्र, दूरध्वनी आणि वीज यांच्या तारांचे जाळे पसरले होते. तारा जमिनीखाली नेण्याचा कायदा १८८४ मध्ये झाला होता, पण अंमलबजावणी संथ होती. मार्च १८८८ मधील हिमवादळात तारा व खांब मोठ्या प्रमाणावर कोसळल्यानंतर या कामास गती मिळाली.

सव्वाशे वर्षांनी याच व्यवस्थेची दुसरी बाजू दिसली. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी 'सँडी' वादळाच्या भरतीचे पाणी मॅनहॅटनच्या पूर्व किनाऱ्यावरील उपकेंद्रात शिरले आणि मॅनहॅटनचा दक्षिण भाग अंधारात गेला. केबल जमिनीखाली सुरक्षित होत्या; बंद पडले ते किनाऱ्यालगतचे उपकेंद्र. तेथील पुरवठा चार-पाच दिवसांत बहुतांश पूर्ववत झाला. उपरी वाहिन्यांच्या उपनगरांत मात्र झाडे हटवून जागोजागी दुरुस्ती करावी लागल्याने काही ग्राहकांना सुमारे दोन आठवडे वाट पाहावी लागली.

### ऑकलंड, १९९८

न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराच्या मध्यभागास चार भूमिगत उच्चदाब केबलद्वारे वीज मिळत असे. जानेवारी व फेब्रुवारी १९९८ मधील उष्ण, कोरड्या हवेत या चारही केबल एकामागून एक निकामी झाल्या. मध्यवर्ती भागाचा नियमित पुरवठा सुमारे पाच आठवडे विस्कळीत राहिला. अखेर लोहमार्गालगत तातडीने उभारलेल्या तात्पुरत्या उपरी वाहिनीमुळे स्थिती सुधारली. वादळाचा संबंध नसलेली ही घटना भूमिगत व्यवस्थेलाही पुरेशी राखीव क्षमता आणि देखभाल लागते, हे दाखवते.

### स्वीडन, २००५

८ व ९ जानेवारी २००५ रोजी 'गुडरुन' वादळाने दक्षिण स्वीडनमधील जंगलांत प्रचंड झाडपड झाली. सुमारे ७ लाख ३० हजार ग्राहकांची वीज गेली आणि ग्रामीण भागातील काही हजार ग्राहकांना तीन आठवड्यांच्या आसपास विजेविना राहावे लागले. त्यानंतर स्वीडनने कायद्यात बदल केला. १२ तासांहून अधिक काळ चाललेल्या खंडासाठी ग्राहकास भरपाई देणे बंधनकारक झाले आणि २०११ पासून २४ तासांहून अधिक काळाचा खंड, काही अपवाद वगळता, अमान्य ठरला. परिणामी वीज कंपन्यांनी जंगलातील उघड्या तारांच्या जागी मोठ्या प्रमाणावर भूमिगत केबल टाकल्या.

## भारतातील स्थिती

भारतात मोठ्या शहरांचे मध्यवर्ती भाग वगळता वितरण प्रामुख्याने उपरी आहे. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी 'हुदहुद' चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यास धडकले आणि शहराची वीजव्यवस्था कोलमडली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्उभारणी प्रकल्पात शहरातील वाहिन्या भूमिगत करण्याचे काम घेण्यात आले. ३ मे २०१९ रोजी 'फनी' चक्रीवादळाने ओडिशातील पुरी परिसरात वितरण वाहिन्यांबरोबर अतिउच्चदाब मनोरेही पाडले. केवळ लघुदाब व उच्चदाब वितरण जमिनीखाली नेल्याने सर्व धोका टळत नाही, हे यातून दिसते.

### कोकण किनारा

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा आणि रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली, मंडणगड या तालुक्यांत नारळ, सुपारी व आंब्याच्या बागा आडव्या झाल्या. त्यांबरोबर खांब, तारा आणि रोहित्रेही पडली. अनेक गावांचा पुरवठा पूर्ववत होण्यास काही आठवडे लागले. वीज नसल्याने नळपाणी योजनांचे पंप आणि मोबाइल मनोरेही बंद पडले. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले, तेव्हा कोकणातील वाहिन्यांचे पुन्हा नुकसान झाले.

राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात किनारी शहरांतील वाहिन्या भूमिगत करण्याच्या कामांचा समावेश होता. महाराष्ट्रात अलिबाग येथे असे काम हाती घेण्यात आले. दाट वस्तीच्या गावठाणात हा उपाय व्यवहार्य ठरतो. कोकणातील वाड्यांबाबत प्रश्न अधिक अवघड आहे. घरे डोंगरउतारावर विखुरलेली असतात, जमिनीखाली अनेक ठिकाणी कठीण जांभा खडक असतो आणि खाडीकाठी पुराचे पाणी साचते. मऊ मातीत नांगरासारख्या यंत्राने केबल टाकण्याची युरोपातील स्वस्त पद्धत जांभ्यात वापरता येत नाही.

### मुंबई

मुंबई बेटावर झाडे पडून वितरण वाहिनी तुटण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. येथील मुख्य धोका साचणाऱ्या पाण्याचा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांतील पाण्यात गेलेल्या भागांचा वीजपुरवठा बंद ठेवावा लागला. अशा शहरात रोहित्रे व स्विचपेट्या संभाव्य पूरपातळीच्या वर बसवणे हे केबल जमिनीखाली असण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

## मधले पर्याय

संपूर्ण भूमिगतीकरण आणि उघड्या तारा यांदरम्यान अनेक उपाय उपलब्ध आहेत:

* आवरणयुक्त तारा: लघुदाबासाठी विद्युतरोधी तारा एकत्र पिळून केलेली 'एरियल बंच्ड' केबल खांबांवरूनच नेतात. फांदी लागली तरी लघुपरिपथ होत नाही.
* मजबूत खांब: किनारी भागात अधिक वाऱ्यासाठी आखलेले खांब, कमी अंतर, खोल पाया आणि पुरेशा ताणतारा.
* वृक्षव्यवस्थापन: पावसाळ्यापूर्वी फांद्यांची छाटणी, धोकादायक झाडांची पाहणी आणि वाहिनीलगत कमी उंचीच्या झाडांची निवड.
* वाहिनीचे विभाजन: जागोजागी स्विच बसवून बिघडलेला भाग वेगळा करणे आणि उरलेल्या भागास दुसऱ्या बाजूने वीज देणे.
* निवडक भूमिगतीकरण: रुग्णालये, पाणीपुरवठा केंद्रे आणि दूरसंचार केंद्रांकडे जाणाऱ्या वाहिन्या प्रथम भूमिगत करणे.
* दुरुस्तीची पूर्वतयारी: वादळाचा इशारा मिळताच खांब, तारा, रोहित्रे व कर्मचारी जवळच्या सुरक्षित ठिकाणी आणून ठेवणे.

## निवडीचे निकष

कोणत्याही वाहिनीबाबत निर्णय घेताना आधी त्या भागातील खंडांची कारणे तपासली जातात. खंड मुख्यतः झाडे व वाऱ्यामुळे होत असतील आणि वस्ती दाट असेल, तर भूमिगत वाहिनीचा लाभ सर्वाधिक असतो. पुराचा धोका मोठा असेल, तर उपकरणांची उंची वाढवल्याशिवाय केवळ केबल पुरून फारसे साधत नाही. वस्ती विरळ आणि जमीन खडकाळ असेल, तर मजबूत खांब व आवरणयुक्त तारा यांतून त्याच खर्चात अधिक ग्राहकांना संरक्षण मिळू शकते. नेदरलँड्ससारख्या देशात मध्यम व लघुदाब वितरण जवळपास संपूर्ण भूमिगत आहे. मात्र तेथे दाट वस्ती, मऊ जमीन आणि अनेक दशकांची सातत्यपूर्ण गुंतवणूक या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत.

खर्च कोणी सोसावा, हा यातील सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे. भूमिगतीकरणाचा खर्च वीजदरात मिळवला तर तो लाभ न मिळणाऱ्या ग्राहकांवरही पडतो. दुसरीकडे, दीर्घ खंडामुळे होणारे नुकसान वीज कंपनीच्या हिशेबात येत नाही. बंद पडलेली पाणी योजना, शीतगृहातील खराब झालेली मासळी किंवा रुग्णालयातील अडचण यांचा भार ग्राहक आणि स्थानिक प्रशासन उचलतात. स्वीडनने भरपाई बंधनकारक करून या नुकसानाचा काही भाग कंपन्यांच्या हिशेबात आणला.

## हेही पहा

* चक्रीवादळ
* विद्युत पारेषण
* रोहित्र
* महावितरण
* निसर्ग चक्रीवादळ
* आपत्ती व्यवस्थापन